इंजिन ऑइलची ग्रेड निवडताना: बाटलीवरचे आकडे वाचण्यापासून पट्टी तपासण्यापर्यंत

डिसेंबरातल्या निफाडच्या सकाळी. पारा पाच अंशांच्या आसपास. सेकंडहँड पेट्रोल कार घेऊन जेमतेम महिना झाला होता. चावी फिरवली की बॉनेटखालून टक-टक-टक असा कोरडा आवाज यायचा आणि मी मनात सेकंद मोजायचो. सहा, कधी सात. मग आवाज थांबायचा आणि इंजिन एकदम गुळगुळीत चालायचं. महिन्यापूर्वीच ऑइल बदललं होतं. गॅरेजवाल्यानं आपणहून सांगितलं होतं, "इकडच्या उन्हाला जाडच ऑइल लागतं, २०डब्ल्यू-५० टाकतो." मी मान डोलावली. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

ऑइल पुन्हा बदललं. दुसऱ्या दिवशी त्याच थंडीत चावी फिरवली आणि एक-दोन सेकंदांत सगळं शांत. माझ्या इंजिनात ऑइलच्या दाबावर चालणारे टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले छोटे भाग) आहेत. ऑइल वर पोचेपर्यंत ते रिकामे वाजत होते. टॅपेट निदान आवाज तरी करतात. त्याच सहा सेकंदांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमलाही ताजं ऑइल मिळत नव्हतं, आणि कॅम गुपचूप झिजतो.

पहिलीच गाडी असेल, घरची मोटरसायकल आता तुमच्या हाती आली असेल किंवा सेकंडहँड कार घेतली असेल, तर ऑइल बदलायला जाण्याआधी हे वाचा.

काय जवळ ठेवायचं

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळतं. मॉडेल, वर्ष आणि इंजिन नीट जुळवून उतरवा. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल-डिझेल किंवा बीएस-४ आणि बीएस-६ यांच्या ग्रेड वेगळ्या असू शकतात.
- आधीच्या सर्व्हिसची बिलं. आत्ता इंजिनात काय आहे हे त्यांवरूनच कळतं.
- घरी बदलणार असाल तर मापाचा पाना, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, नवा फिल्टर, पसरट टब, नरसाळं, सुती फडकं आणि मापाचा जग.
- एक छोटी वही. कशासाठी, ते शेवटी सांगतो.

१. आधी आकडे वाचायला शिका

बाटलीवर १०डब्ल्यू-३० असं काहीतरी असतं. ही अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेनं ठरवलेली जाडीची प्रतवारी आहे. पहिला आकडा थंडीतला. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. तो जितका लहान, तितकं थंड इंजिनात ऑइल लवकर वाहतं. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला. १०० अंश सेल्सियसला ऑइल किती जाड राहतं ते तो सांगतो. ३० च्या ऑइलची जाडी तिथे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक) या पट्ट्यात असावी लागते, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९.

इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो, माझाही झाला होता. १०डब्ल्यू-३० हे थंड असताना "१०" आणि गरम झाल्यावर "३०", म्हणजे तापल्यावर ते जाड होतं, असं वाटतं. तसं नाही. प्रत्येक ऑइल तापलं की पातळच होतं. किती पातळ होतं एवढाच प्रश्न असतो. साधारण २०डब्ल्यू-५० ऑइल ४० अंशांना १६० ते १७० सेंटीस्टोक असतं आणि १०० अंशांना जेमतेम १८. ५डब्ल्यू-३० तिथेच साठ-पासष्टवरून दहा-अकरावर येतं. म्हणजे चालू इंजिनात जे ऑइल बरोबर काम करतं, तेच सकाळी चावी फिरवताना कितीतरी पट जाड असतं. तुमचं ऑइल इंजिन चालू होताना गरजेपेक्षा पातळ कधीच नसतं. तेव्हा अडचण फक्त जास्त जाड असण्याची असू शकते.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर मी केलेला एक प्रयोग करा. औषधाच्या दोन छोट्या काचेच्या बाटल्या धुऊन वाळवा. एकीत २०डब्ल्यू-५० घ्या आणि दुसरीत ०डब्ल्यू-२०. ठळक नावं लिहा, पिशवीत बांधा आणि खाण्याच्या वस्तूंपासून लांब, फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही एकदम आडव्या करा. माझ्याकडे ०डब्ल्यू-२० लगेच काचेवरून घरंगळलं. २०डब्ल्यू-५० थंडीतल्या काकवीसारखं एका बाजूला चिकटून राहिलं, मग हळूहळू जीभ बाहेर काढल्यासारखं खाली आलं. आपल्याकडे उणे १८ अंश होत नाही हे खरं. पण "जाड म्हणजे दणकट" हे मनात घर करून बसलेलं मत त्या एका सकाळी माझ्यापुरतं सुटलं.

२. झीज नेमकी कुठे होते ते समजून घ्या

चालत्या इंजिनात क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला आधार देणारं बेअरिंग एकमेकांना जवळजवळ टेकतच नाहीत. फिरणारा क्रँक ऑइलला अरुंद फटीत ओढून घेतो आणि त्या ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो. पाणी साचलेल्या रस्त्यावरून वेगात जाणारी गाडी पाण्यावर तरंगते ना, तसंच, फक्त इथे तरंगणं हवं असतं. हा पापुद्रा टिकायला दोन गोष्टी लागतात: पुरेसा वेग आणि पुरेशी जाडी.

म्हणून धोक्याच्या जागा दोन. पहिली, इंजिन चालू होतानाची. वेग नाही, रात्रभरात बरंचसं ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या भांड्यात, उतरलेलं, आणि जस्त-फॉस्फरसचं जे रसायन धातूवर संरक्षक थर बसवतं त्याला काम करायला उष्णता लागते, ती अजून आलेली नाही. इथे पातळ आणि लवकर पोचणारं ऑइल कामाचं. दुसरी, तापलेल्या इंजिनावर खूप भार असतानाची. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण माणसं भरून, एसी चालू. इथे ऑइल फार पातळ झालं तर पापुद्रा फाटतो. म्हणून या अवस्थेसाठी वेगळी चाचणी आहे, १५० अंशांना, ऑइल वेगात घासलं जात असताना. तिचं नाव एचटीएचएस. १६ च्या ऑइलला तिथे किमान २.३ आकडा लागतो, २० च्याला २.६, ३० च्याला २.९ आणि ५० च्याला ३.७.

कंपनी ग्रेड ठरवते तेव्हा या दोन टोकांमधली जागा शोधते, आणि इंजिन त्या जागेसाठी घडवते. बेअरिंगमधली फट, ऑइल पंपाचा आकार, पिस्टन रिंगांचा ताण हे सगळं त्यात येतं. ०डब्ल्यू-१६ वर चालणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं तर पंप जास्त दाब दाखवेल. पण दाब जास्त म्हणजे ऑइल जास्त वाहतंय असं नाही. अडलेलं ऑइल दाब वाढल्यावर उघडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून परत सम्पमध्ये जातं. शिवाय इंजिनाची ताकद ऑइल ढवळण्यात जाते, उष्णता वाढते आणि ॲव्हरेज पडतं.

एक गोष्ट उघडपणे सांगायला हवी. अलीकडे ग्रेड पातळ होत गेल्या त्यामागे मुख्य कारण इंधन बचत आहे. एकाच इंजिनाला अमेरिकेतल्या पुस्तकात फक्त ०डब्ल्यू-२० आणि दुसऱ्या देशातल्या पुस्तकात ग्रेडचा अख्खा तक्ता, असंही दिसतं. म्हणून आपल्या देशातलं पुस्तकच पाहा आणि त्यात पर्याय दिले असतील तर त्या मर्यादेत निवड करा.

३. पुस्तकातलं पान शोधा

मॅन्युअलच्या शेवटी "स्पेसिफिकेशन्स" किंवा "रेकमेंडेड लुब्रिकंट" या पानावर तीन गोष्टी मिळतील: ग्रेड, दर्जाचं चिन्ह आणि किती लिटर. बऱ्याच पुस्तकांत बाहेरच्या तापमानाची आडवी पट्टी आणि तिच्यावर ग्रेडचे बाण असतात. त्यात तुमच्या गावाचं हिवाळ्यातलं किमान आणि उन्हाळ्यातलं कमाल तापमान बसवा. हे दोन्ही ज्या बाणाखाली येतं ती ग्रेड तुमची.

अंदाज यावा म्हणून: स्प्लेंडर आणि ॲक्टिव्हा या दोन्हींना १०डब्ल्यू-३० चालतं (पण दोन्हींना एकच ऑइल चालत नाही, ते पुढे येतं), रॉयल एनफिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५०, नव्या छोट्या पेट्रोल कारना ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०, आणि बऱ्याच ट्रॅक्टरना १५डब्ल्यू-४०. तुमच्या गाडीचं मात्र तुमच्याच पुस्तकात पाहा.

४. आपला वापर त्यावर बसवा

"विदर्भात ४५ अंश होतं, तिथे ५० च लागतं" हे मी नागपूरच्या मित्रांकडून नेहमी ऐकतो. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट ही झडप कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) नव्वदीच्या आसपास धरून ठेवतो. त्यामुळे बाहेर २५ असो की ४५, आतल्या ऑइलला तेवढा फरक पडत नाही. रेडिएटर आणि पंखा धड असला की झालं. हवेवर थंड होणाऱ्या मोटरसायकलची गोष्ट वेगळी. मे महिन्यात सिग्नल-सिग्नल थांबत गाडी चालवली की तिचं ऑइल खरंच जास्त तापतं. तिथे पुस्तकातल्या तक्त्यात १०डब्ल्यू-३० सोबत १०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० दिलं असेल, तर उन्हाळ्यापुरतं ते घेणं योग्य.

घर ते दुकान, दुकान ते शाळा, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर इंजिन पुरतं तापतच नाही. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. यावर उपाय जाड ऑइल नाही, लवकर बदलणं आहे. पुस्तकात कठीण वापरासाठी वेगळी, कमी अंतराची ओळ असते. शहरातली थांबत-थांबत चालणारी गाडी आणि धुळीच्या रस्त्यावरची गाडी दोन्ही त्यातच येतात.

इंजिन जुनं आहे, थोडं ऑइल खातं, अशा वेळी बदलायचा तो दुसरा आकडा, तोही एकच पायरी आणि पुस्तकात असेल तरच: ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४०. पहिला आकडा वाढवू नका, नाहीतर सकाळची झीज विनाकारण ओढवून घ्याल. यानं रिंगा नव्या होत नाहीत, थोडा वेळ मिळतो इतकंच.

माझा मावसभाऊ टोरांटोला असतो. त्याला हिवाळ्यात ०डब्ल्यू लागतंच. आपल्या हवेत ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० यांतला फरक फार थोडा आहे. दोन्ही पुस्तकात असतील तर त्यावरून दुकानात वाद घालू नका.

५. बाटलीवरची बाकीची चिन्हं पाहा, कारण ग्रेड जुळणं पुरेसं नाही

हे शिकायला मला क्लच प्लेटांचे पैसे मोजावे लागले. कारमधून पाऊण लिटर ५डब्ल्यू-३० उरलं होतं. मोटरसायकलला १०डब्ल्यू-३० लागायचं. तापल्यावर दोन्ही ३० च, म्हणून मी तेच भरलं. पंधरा दिवसांनी बायकोला मागे बसवून सप्तशृंगी गडावर निघालो. नांदुरी सोडून घाट चढू लागलो, थ्रॉटल पिळला, इंजिनाचा आवाज वाढत गेला आणि गाडी मात्र तिथेच. क्लच घसरत होता. दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू, धडधडत्या छातीनं वर पोचलो.

मोटरसायकलचा क्लच बहुधा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये, साधारणपणे ३० आणि त्याखालच्या, घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. बाटलीवरच्या गोल चिन्हात "रिसोर्स कन्झर्व्हिंग" लिहिलेलं असतं, ती त्याची खूण. इंजिनाला ते चांगलं, पण क्लचला पकड हवी असते. म्हणून हे पाहा:

- गिअरच्या मोटरसायकलला जासो (दुचाकी ऑइलचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए२.
- ऑटोमॅटिक स्कूटरला जासो एमबी. तिचा क्लच कोरडा, बेल्टच्या बाजूला असतो. स्प्लेंडर आणि ॲक्टिव्हाचं १०डब्ल्यू-३० वेगळं, ते यामुळे.
- पेट्रोल कारला एपीआय या अमेरिकी संस्थेचा एसएन, एसपी असा दर्जा. एस नंतरचं अक्षर वर्णमालेत जितकं पुढे, तितका दर्जा नवा. एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. पुस्तकात एसएन असेल तर एसपी चालतं, उलटं नाही.
- डिझेलला सी नं सुरू होणारी चिन्हं, सीआय-४, सीके-४. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असेल तर कमी राख सोडणारंच ऑइल हवं. पुस्तकात एसीईए (युरोपातल्या वाहन कंपन्यांच्या संघटनेचा दर्जा) सी२, सी३ असं काही लिहिलेलं असेल तर अक्षर न अक्षर जुळवा. ग्रेड तीच पण राख जास्त असलेलं ऑइल तो फिल्टर बुजवतं, आणि तो फिल्टर फार महाग असतो.

मिनरल (कच्च्या तेलातून शुद्ध केलेलं) की सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेनं घडवलेलं)? खिसा परवानगी देत असेल तर सिंथेटिक. थंड-गरम दोन्हीकडे ते आपली जाडी जास्त सांभाळतं. पण योग्य ग्रेडचं मिनरल वेळेवर बदललेलं, हे चुकीच्या ग्रेडच्या महागड्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही बरं.

६. विकत घेताना

बनावट ऑइल हा खरा धोका आहे. जुन्या बाटल्या गोळा करून पुन्हा भरल्या जातात. पेट्रोल पंप, कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा ओळखीचा वितरक यांच्याकडूनच घ्या आणि बिल मागा. झाकणाची कडी आणि आतलं सील पाहा, बॅच आणि तारीख वाचा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. गॅरेजमध्ये बाटली आपल्यासमोर उघडायला लावा. रिकामी बाटली घरी आणून खिळ्यानं भोकं पाडून टाका.

"ड्रममधलं सुटं ऑइल तेच असतं, स्वस्त पडेल" याला नाही म्हणा. सुट्या ऑइलवर ग्रेड लिहिलेली नसते, आणि बोटांवर चोळून ग्रेड ओळखता येत नाही, कितीही अनुभवी माणूस असला तरी.

सेकंडहँड गाडी पाहायला जाताना आणखी एक गोष्ट: झिजलेल्या इंजिनाचा आवाज आणि धूर झाकायला कधीकधी मुद्दाम जाड ऑइल भरलेलं असतं. मालकाला आदल्या रात्रीपासून गाडी चालू न करायला सांगा. सकाळी स्वतः चालू करा आणि ऐका. मग अर्धा तास चालवून आणा, आयडलिंगला ठेवा आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो का पाहा. कोणतं ऑइल भरलंय हे बिलासकट विचारा.

७. बदलणं आणि पातळी

इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करा, मग बंद करून ड्रेन बोल्ट सोडा. खूप तापलेलं ऑइल हात भाजतं. फिल्टर बदलायला किंवा जाळी साफ करायला विसरू नका. भरायचं माप पुस्तकातलंच. ॲक्टिव्हाला पाऊण लिटरच्या आसपासच ऑइल लागतं, म्हणून तिथे शंभर मिली कमी-जास्त होणं ही मोठी चूक ठरते.

पातळी तपासताना गाडी सपाट जागी, दुचाकी मेन स्टँडवर. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग ऑइलची पट्टी (डिपस्टिक) पुसून घाला. होंडाच्या स्कूटरची पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. ती फिरवून पाहिली की पातळी खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते, आणि कमी ऑइलवर गाडी महिनोन् महिने चालत राहते. आमच्या गल्लीतल्या तीन स्कूटर मी अशा पाहिल्या. पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली की पंप ऑइलसोबत हवा ओढतो. मग ग्रेड कितीही अचूक असली तरी तिचा उपयोग नाही.

रस्त्यात ऑइल कमी पडलं आणि नेमकी ग्रेड मिळाली नाही, तर त्याच दर्जाचं जवळच्या ग्रेडचं घालून घरी या. कोरडं चालवू नका.

८. पुढचे काही आठवडे

थंड इंजिन चालू करून जागेवर रेस करणं सोडा. दहा-वीस सेकंद आयडल, मग निघा, आणि पहिले दोन किलोमीटर हलक्या हातानं. सकाळी टॅपेटचा आवाज किती सेकंद राहतो ते ऐका. लाल दिवा चालताना लागला तर तिथेच इंजिन बंद. ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये ते एका दिवसात काळं होतं. मात्र दुधाळ, चहासारखं दिसलं आणि कूलंटही कमी होत असेल तर गॅरेज गाठा.

वहीत तारीख, किलोमीटर, ग्रेड, दर्जाचं चिन्ह आणि दर पाचशे किलोमीटरला पट्टीवर दिसलेली पातळी लिहा. माझ्या कारच्या वहीत दोन वर्षांच्या नोंदी आहेत. ५डब्ल्यू-३० आल्यापासून एका बदलापासून दुसऱ्या बदलापर्यंत पातळी वरच्या खुणेवरून मध्यावर येते, त्याखाली अजून गेलेली नाही.

काढलेलं जळकं ऑइल त्याच रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, ते पुढे शुद्धीकरणाला जातं. आमच्याकडे द्राक्षबागेच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासतात. तसं करू नका. त्यात इंजिनातले धातू असतात आणि ते सगळं त्याच मातीत आणि विहिरीच्या पाण्यात उतरतं.